तिकिटाबरोबर गेलेला अर्धा शिक्का

आमच्या गावात माझ्याबद्दल एक गोष्ट चांगली म्हणून सांगितली जाते. आमचे गुरुजी गावकऱ्यांच्या जुन्या, फाटक्या चिठ्ठ्या फुकटात दुरुस्त करून द्यायचे. निवृत्तीच्या कार्यक्रमात सरपंचांनी भाषणात हे सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

चिठ्ठ्या मी दुरुस्त करत होतो हे खरं आहे. कशासाठी करत होतो ते आता लिहितो. वय ऐंशीच्या पुढं गेलं, भिंगाशिवाय वर्तमानपत्र दिसत नाही, आणि भिंग हातात घेतलं की जे आठवतं ते एकदाचं कागदावर यायला हवं.

सानगडीपासून दोन कोसांवरच्या गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरला एका प्रशिक्षणासाठी गेलो असताना महाल भागातल्या एका बोळात पोस्टाच्या जुन्या तिकिटांचं दुकान पाहिलं. दुकानदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून इंग्रजी राजवटीतली दोन तिकिटं तो शेजारी शेजारी ठेवून बघत होता. मला म्हणाला, "मास्तरजी, यायच्यात फरक दाखवा. दाखवला तं चहा माझा."

मी पाच मिनिटं पाहिलं आणि दाखवला. एका तिकिटावर राजाच्या डोळ्याखाली केसाएवढी पांढरी रेघ होती. दुसऱ्यावर नव्हती.

"वा! आंख आहे तुमची," तो म्हणाला. "याले आम्ही रोता राजा म्हणतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. तिकिटं एकेक छापत नाहीत, एका मोठ्या पत्र्यावर शेकडो राजे ओळीनं कोरलेले असतात. त्या पत्र्याला दुकानदार प्लेट म्हणायचा. त्यातल्या एखाद्या राजाला कधी ओरखडा पडला, कधी टवका उडाला, की तेव्हापासून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर त्याच जागचा राजा तसाच बिघडलेला छापला जातो. बाकीचे सगळे नीट. हे बिघडलेलं तिकीट ज्याला ओळखता येतं त्याला ते साध्या तिकिटाच्या भावात मिळतं, कारण विकणाऱ्याला ते माहीतच नसतं. त्यानं मला एक वही दिली. तीत कुठल्या तिकिटावर कुठं काय बिघाड असतो ते हातानं काढलेलं होतं. "तुमच्या झाडीपट्टीत जुन्या चिठ्ठ्या खूप पडल्या असतीन," तो म्हणाला. "तुमी शोधा, मी विकतो."

वर्गात मी पोरांच्या वहीतली चूक शोधून गुण कापत होतो. इथं चूक सापडली की पैसे मिळत होते. मला ते फार आवडलं.

सुरुवातीला मी लपवाछपवी केली नाही. बाजाराच्या दिवशी चार माणसांना सांगितलं, घरात जुनी तिकिटं असतील तर आणा, डाग असलेली असतील तर मी पैसे देईन. डाग हा शब्द मी वापरला आणि फसलो. पुढच्या बाजाराला एका घरून हळदीचे डाग पडलेली तिकिटं आली, दुसऱ्या घरून तेलकट. गावातला शिंपी तर चालू भावाची नवी कोरी तिकिटं घेऊन आला. त्यांच्यावर लाल शिंतोडे होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पानाची पिंक जी, गुरुजी. कालच टाकली. याच्याहून मोठा डाग तुमाले भंडाऱ्यातही नाही भेटायचा."

चावडीवर दोन महिने हा विनोद चालला. मी दिसलो की कुणी तरी म्हणायचं, "थुंकू काय जी गुरुजी, काही पाह्यजे काय?" मी हसायचो, पण शहाणा झालो. लोकांना सांगून मागणं बंद केलं. त्याऐवजी चिठ्ठ्या दुरुस्त करायला लागलो.

आमच्याकडं बाहेरगावी गेलेल्या माणसाची चिठ्ठी फेकत नाहीत. पत्र्याच्या डब्यात, देवाच्या फळीवर, तांदळाच्या कोठीमागं ती वर्षानुवर्षं राहते आणि घड्यांवर फाटते. मी म्हणायचो, ठेवून जा, चिकटवून देतो. घरी आणून तिकिटावर ओला टीपकागद ठेवायचा. अर्ध्या तासात गोंद सुटतो, तिकीट चिमट्यानं सरकवून घेता येतं. मग पाकीट पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि तिकिटाच्या रिकाम्या जागेवर कागदाची पट्टी लावायची. लोक हात जोडून चिठ्ठी परत न्यायचे. कुणी तांदूळ आणून द्यायचं, कुणी जवस. तिकीट गेलेलं बहुतेकांच्या लक्षातही यायचं नाही. ज्याच्या यायचं, त्याला मी सांगायचो, कीड लागली होती.

आता त्या बाईबद्दल लिहितो.

गावच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या घरांपैकी एका घरातली ती. सानगडीच्या बाजारात मासे घेऊन बसायची. नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन साकोलीला. बाई चाळिशीची असेल, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. तिला एकच भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आसामात विमानतळाच्या कामावर मजूर नेत होते, त्यात ठेकेदाराबरोबर तो गेला. तेव्हा ही आठ-दहा वर्षांची होती. तिकडून त्याची एकच चिठ्ठी आली, कुणा मुन्शीनं हिंदीत लिहून दिलेली. ठिकाण लिहिलं नव्हतं. त्या दिवसांत ठिकाण लिहू देत नसत, असं लोक म्हणत. चिठ्ठीत चारच ओळी होत्या. मी बरा आहे, इथं पाऊस थांबत नाही, बहिणीला सांगा तळ्यावर एकटी जाऊ नको, भाऊबीजेला येतो.

तो आला नाही. आई-बाप त्याची वाट पाहून गेले. बाईनं मात्र चिठ्ठी जपली. ज्या बहिणीला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. बाया तिला म्हणायच्या, चंद्राला ओवाळ. ती म्हणायची, "मले भाऊ आहे. चांदाले ते ओवाळते, जिले नाही." त्याऐवजी भाऊबीजेच्या दुपारी ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडं यायची, आधीच्या गुरुजींकडं जायची तशीच, आणि वाचून घ्यायची. मी हिंदी वाचून मराठीत सांगायचो. "भाऊबीजेला येतो" इथं मी पोचलो की ती म्हणायची, "कोन्त्या भाऊबीजेले ते नाही ना लिवलं?" मी म्हणायचो, नाही. "मंग बराबर आहे," म्हणून ती उठायची.

चार वर्षं मी ती चिठ्ठी वाचली, पण पाकिटाकडं पाहिलं नव्हतं. पाचव्या वर्षी पाहिलं. दीड आण्याचं जांभळं तिकीट. राजाच्या डोळ्याखाली पांढरी रेघ.

मी म्हणालो, "बाई, कागद फार जीर्ण झाला आहे. ठेवून जा, चिकटवून देतो."

तिनं ठेवला. मला अजून आठवतं, त्या दुपारी मी दार लावून घेतलं आणि तिकीट तासभर भिंगाखाली ठेवलं. शिक्का चेहऱ्यावर पडलेला नाही, हे पाहून मला आनंद झाला होता. शिक्क्याचा अर्धा गोल तिकिटाच्या डाव्या कडेवर होता, अर्धा पाकिटावर. आम्ही बिघाड शोधणारे लोक शिक्क्याला घाण समजतो. तो चेहऱ्यावर असला की भाव पडतो, बाजूला असला की वाढतो. शिक्का कुठं पडला आहे ते मी नीट पाहिलं. त्यात काय लिहिलं आहे, ते वाचलं नाही.

आठवड्यानं बाई चिठ्ठी न्यायला आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाकिटाचा चेहरा तिला पाठ होता. लगेच म्हणाली, "राजाचं मुंडकं कुठं गेलं जी?"

"कीड लागली होती. काढावं लागलं, नाही तर सगळा कागद खाल्ला असता."

"बरं केलं," ती हसली. "मेलाच आता तो राजा. त्याले ठेवून काय कराचं?" दुसऱ्या दिवशी तिनं पानात बांधून झिंगे आणून दिले. बायकोनं ते कांदा घालून केले. मी दोनदा वाढून घेतले.

तिकीट नागपूरला गेलं. त्या पैशांत घरात टेबलाचा पंखा आला, गावातल्या शिक्षकाच्या घरी पहिला.

दीडेक वर्ष गेलं असेल. एके दिवशी शाळा सुटल्यावर बाई व्हरांड्यात आली. बरोबर तिचा जावई. तो साकोलीहून सुटणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि त्याला नुकतीच आसामकडची फेरी मिळाली होती. धाब्यावर त्याला कुणी सांगितलं होतं की टपालाच्या शिक्क्यात गावाचं नाव असतं. बाईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तीस वर्षं जी चिठ्ठी तिनं फक्त ऐकली, तिच्यावर भावाच्या गावाचं नाव लिहिलेलं आहे, हे तिला आज कळलं होतं.

"सांगा जी गुरुजी, नाव कोन्तं आहे? जवाई जाऊन राहिला तिकडं, येत्या सोमवारी."

जावयानं पाकीट उजेडात धरलं. "गाडीच्या नंबरातले अक्षरं मले येतेत. हे पाहा, डी. हा आय. मंग हे तुमची पट्टी आली. पुढचं कुठं गेलं?"

"तिकीट होतं ना तिथं," बाईच म्हणाली. "कीड लागली होती त्याले. गुरुजीनं काढलं म्हणून तं चिठ्ठी वाचली. बेस केलं त्यायनं."

माझी बाजू ती घेत होती. मी पाकीट हातात घेतलं, उगाच तिरपं करून पाहिलं. डी आणि आय. त्या मुलखात दिब्रुगड आहे, दिमापूर आहे, दिग्बोई आहे, एवढं भूगोल शिकवणाऱ्याला माहीत होतं. माहीत नाही म्हणावं, तर जावई विचारणार, तिकिटात काय होतं, तुम्ही ते कुठं टाकलं. तो हुशार होता आणि त्याचे डोळे माझ्यावर होते.

"दिब्रुगड," मी म्हणालो.

"पक्कं?" जावयानं विचारलं.

"चिकटवायच्या आधी वाचलं होतं मी."

बाईनं तो शब्द तीन-चारदा घोळवला. दिबूगड, दिबुरगड. बाजारात शेजारणींना सांगता यावा म्हणून. जाताना ती व्हरांड्याच्या पायरीवर कपाळ टेकून गेली.

त्या रविवारी मी एस.टी.नं नागपूर गाठलं. दुकानदाराला विचारलं, तो रोता राजा आहे का अजून?

"मास्तरजी, तो तं कवाचाच गेला. कलकत्त्याचं गिऱ्हाईक."

"त्याच्यावर शिक्का कोणत्या गावाचा होता?"

तो माझ्याकडं पाहतच राहिला. "शिक्का कोन पाह्यते? शिक्का तोंडावर नव्हता म्हणून तं भाव आला. काहून, काय झालं?"

काय झालं ते सांगावं लागलं असतं. गिऱ्हाइकाला एक कार्ड टाकून विचार, एवढं म्हणायलाही कारण द्यावं लागलं असतं. मी म्हणालो, काही नाही, सहज. आणि खिशातून लाखांदूरकडच्या एका घरातली तीन तिकिटं काढून त्याच फेरीत त्याला विकली. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

जावयानं दीड-दोन वर्षांत दिब्रुगडच्या तीन फेऱ्या केल्या. माल उतरवून दोन दोन दिवस तो तिथं राहिला. मजुरांच्या वस्त्यांत गेला, आमच्या बोलीत हाका मारत फिरला, म्हाताऱ्या हमालांना विचारलं. तिसऱ्यांदा परतला तेव्हा सासूला म्हणाला, "मामी, त्या गावात तो असता तं मले भेटला असता. इतका मी फिरलो."

त्या वर्षी भाऊबीजेला दुपारभर मी वाट पाहिली. बाई आली नाही. संध्याकाळी तळ्याच्या पाळीवरून घरी येत होतो. बीजेची कोर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते. पाळीवर बाई उभी होती, हातात ताट, ताटात दिवा. ती चंद्राला ओवाळत होती. मी झाडाआड थांबलो, ती जाईपर्यंत.

घरी जाऊन मी तिकिटांची वही चुलीत घातली, असं लिहायला बरं वाटेल. तसं झालं नाही. जमवलेली तिकिटं मी पुढं आणखी दोन वर्षं विकत होतो. फक्त चिठ्ठ्या दुरुस्त करायचं बंद केलं.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका पितृपक्षात नातेवाइकांनी तिच्यामागं लकडा लावला. बारा वर्षं माणूस दिसला नाही तर कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग तो पितरांत मिळतो. तिनं इतकी वर्षं हे करू दिलं नव्हतं, कारण चिठ्ठीत येतो म्हणून लिहिलं होतं. आता ती तयार झाली. सकाळी मला बोलावणं आलं. अंगणात आठ-दहा माणसं, जावईही होता. परातीत कणीक भिजवून ठेवलेली. एक म्हातारा पळसाच्या पानांवर हात-पाय मांडायला बसला होता.

बाईनं पुठ्ठ्यावरची चिठ्ठी माझ्या हातात दिली. "एकडाव शेवटचं वाचा जी गुरुजी. मंग त्याच्यासंगंच ठेवून देतो. एकटा कायले जाईन, त्याची चिठ्ठी त्याच्यासंग जाऊ दे."

म्हणजे ती चिठ्ठी जाळणार होती. डी आणि आय, तेवढंच जगात शिल्लक होतं, तेही जाणार होतं. आणि ते गेलं की मला पकडायला काहीच उरणार नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि तो मला आवडला, हेही लिहायला हवं.

मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तळ्यावर एकटी जाऊ नको, इथं मी थांबलो. मी म्हणालो, "बाई, पुतळा थांबवा. ते गाव दिब्रुगडच आहे, असं नाही."

मी सगळं सांगितलं. कीड नव्हती. तिकीट मी काढलं आणि विकलं. पुढची अक्षरं त्याच्यावर होती. मी ती वाचली नव्हती. तीन गावांपैकी एकाचं नाव तोंडाला येईल ते सांगितलं.

जावई उठला. "मी तीन खेपा बह्याडासारखा हिंडलो तिथं! तुमाले एक शब्द सांगता नाही आला? तुमी गुरुजी ना आमचे!"

"तू बस," बाई म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, ती तिकिटाचं विचारेल, किती आले म्हणून. तिनं ते विचारलं नाही.

"म्हंजे तो जिता असू शकते?"

"मला माहीत नाही."

"पर असू शकते?"

"असू शकतो."

"आन मी जित्या भावाले टाकून चांदाले ओवाळलं? चार भाऊबीजा?" तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "त्याले काही झालं तं माझ्या हातानं झालं असन."

तिनं जो दोष स्वतःकडं घेतला तो माझा होता, हे मी म्हणालो. पण तिनं ऐकलं असं वाटलं नाही.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, वाचणाऱ्याला उगाच आशा नको. उरलेल्या दोन गावांची नावं मी लिहून दिली. तिथल्या पोस्टमास्तरांना पत्रंही टाकली. एक परत आलं, दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. जावयाची फेरी बदलली, तो एकदाच दिमापूरपर्यंत जाऊ शकला. भाऊ सापडला नाही. दहा-बारा वर्षांनी बाई वारली, तोवर तिनं पुतळा होऊ दिला नाही आणि चंद्राला पुन्हा ओवाळलं नाही. चिठ्ठी ती नातीकडून वाचून घ्यायची. त्या दिवशी अंगणात जे झालं ते त्या घरानं बाहेर कुठं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी मात्र ती थोड्या वेळानं उठली. माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, पदरानं पुसली, आत नेऊन ठेवली. पळसाच्या पानांजवळ बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग या कणकेचं काय कराचं बाई?"

"पोळ्या टाकतो," ती म्हणाली. "जित्या माणसाच्या नावाची कणीक आहे, फेकू नोका. सारे जेवून जा."

तिनं चूल पेटवली आणि तव्यावर पोळ्या टाकत गेली. मुलगी वाढत होती. पंगतीच्या टोकाला मी बसलो होतो, उठून जावं की नाही ते कळत नव्हतं. मुलगी माझ्यापुढं आली आणि थांबली, आईकडं पाहत. बाईनं चुलीकडची मान वळवली नाही.

"वाढ," ती म्हणाली. "गुरुजीले पयली वाढ. गरम आहे तवरच."